ईश्वरप्पाची बिनदोऱ्याची सुई

गेल्या दिवाळीच्या सुमारास सात रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यावर एक बातमी फिरत होती. ईश्वरप्पा टेलर रोज दुपारी जेवून मशीनवर बसतो, अर्धा-पाऊण तास खडखड मशीन चालवतो, आणि सुईत दोरा नसतो. सुईखाली कापडही नसतं. डोळे मिटलेले असतात.

पहिल्या दिवशी बातमी एवढीच होती. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय, दोरा संपलाय हेच त्याला कळत नाही. तिसऱ्या दिवशी करणी निघाली. आठवडा संपायच्या आत त्यात वळसंगचा एक मेलेला माणूस आला. त्यानं म्हणे ईश्वरप्पाकडं बाराबंदी शिवायला टाकली होती आणि ती अंगावर चढायच्या आधीच तो गेला. आता दुपारच्या वेळी तो दुकानात येऊन बसतो आणि झाली का म्हणून विचारतो. मेलेल्या माणसाच्या कपड्याला दिसणारा दोरा कशाला लागतोय.

हा वळसंगचा माणूस कुणी घुसवला ते मला माहीत नाही. पहिल्या दिवसाची बातमी मात्र माझी. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. उतारूंचं अर्धं बोलणं ऐकायचं आणि उरलेलं आपण भरून काढायचं, ही सवय पेन्शन सुरू झाली म्हणून जात नाही.

ईश्वरप्पाचं दुकान सात रस्त्यापासून आत, एका बोळात आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागं मल्लव्वावहिनींचा स्वयंपाक, पडद्यापुढं मशीन, आणि दाराबाहेर एक बाकडं. त्या बाकड्यावर माझी पस्तीस वर्षं गेली असतील. गावात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने बोळाबोळात झाले, पण बाराबंदी शिवावी तर ईश्वरप्पानं. बाराबंदी म्हणजे पांढरा अंगरखा. बटण नाही, काज नाही, बारा बंद बांधून अंगाला बसवायचा. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी कमरेवर पेलत जाणारे तो घालतात. काठी पेलताना माणूस मागं झुकतो, दंड ताणतात, छाती फुगते. तेव्हा बंद काचला नाही पाहिजे आणि सुटलाही नाही पाहिजे. ते माप टेपनं निघत नाही. ईश्वरप्पा माणसाला समोर उभा करायचा, श्वास घ्यायला लावायचा, आणि नुसतं बघायचा.

बघायचा तो उजव्या डोळ्यानं. डावा लहानपणीच अधू झालेला.

आता त्याच्या पायांविषयी सांगितलं पाहिजे, कारण गोष्ट खरी तिथली आहे. पंचेचाळीस वर्षं हा माणूस पायाची मशीन चालवत होता, दिवसाला आठ-नऊ तास. वरून हडकुळा, बरगड्या मोजाव्यात असा. पण लुंगी वर खोचून बसला की पोटऱ्या अशा दिसायच्या, जणू दुसऱ्याच कुणाच्या आणून लावल्यात. मी म्हणायचो, "ईश्वरप्पा, वरचा माणूस कुटं गेला रे?" तो म्हणायचा, "तुझं उलटं हाय कंडक्टर. तुझा वरचाच हाय, खालचा न्हाय." तीन भाकऱ्या, शेंगाचटणी, गोड चहा दिवसातून पाच वेळा. कधी आजारी म्हणून झोपलेला मी पाहिला नाही.

मग दोन वर्षांमागं त्याच्या पोरानं त्याच्यावर माया केली.

पोरगा प्रभु, युनिफॉर्मच्या कारखान्यात सुपरवायझर. बापाचे गुडघे दुखतात हे त्याला बघवेना. एका रविवारी त्यानं मशीनला मोटर आणून लावली. मशीनला हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, मला पेढा मिळाला. पायाच्या चाकावरचा चामडी पट्टा काढून खिळ्याला अडकवला. आता पायाच्या एका अंगठ्यानं बटण दाबलं की मशीन पळायची. ईश्वरप्पा चार दिवस लहान पोरासारखा खूश होता.

त्यानंतरचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते सुटं सुटं आलं. जेवण झालं की त्याला झापड यायला लागली. पोटऱ्या ओसरल्या, लुंगी खाली आली. चिडचिड सुरू झाली, आणि दाभणासारखी नजर असलेला माणूस सुईत दोरा ओवायला वहिनींना हाक मारायला लागला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पिकला होता. डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, तर जेवणानंतरची साखर तीनशे अठरा. डॉक्टर म्हणाले, ही दोनशेच्या आत आणा, मगच डोळ्याला हात लावतो, नाहीतर जखम चिघळायची. गोळ्या दिल्या. दीड महिन्यानं पुन्हा गेला, तर दोनशे सत्त्याण्णव. पुन्हा परत पाठवला.

हे झालं दसऱ्याला. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या एका ताफ्याचा म्होरक्या अण्णाराव, तो दरवर्षीप्रमाणं पांढऱ्या कापडाचा तागा टाकून गेला होता. चाळीस बाराबंद्या, संक्रांतीच्या आधी. डोळा झाला तर ईश्वरप्पा त्या शिवणार. न झाला तर तागा दुसरीकडं जाणार, आणि एकदा गेलेला तागा पुढच्या वर्षी परत येत नसतो. असल्या कामाला दोन टेलर नसतात. ईश्वरप्पानं तागा कपाटात न ठेवता मशीनशेजारी स्टुलावर ठेवला होता. मी बाकड्यावरून रोज बघत होतो.

गुडघ्यासाठी म्हणून वहिनी त्याला साक्षीकडं घेऊन गेल्या. साक्षी म्हणजे आमच्या धर्मपाल ड्रायव्हरची मुलगी. धर्मपाल गाडी चालवायचा आणि मी त्याच्या मागं तिकिटं फाडायचो, तेव्हाची ही शाळेची पोर. आता फिजिओथेरपिस्ट आहे, सात रस्त्यालाच दोन खोल्यांत तिचं क्लिनिक आहे. तिथं काय झालं ते मला फार पुढं वहिनींनी सांगितलं. मी त्यात भर घातलेली नाही. थोडीच घातली आहे.

साक्षीनं गुडघा बघायच्या आधी पोटरी दाबून बघितली. म्हणाली, "आप्पा, तुमचं काम शिवणाचं ना? पायाच्या मशीनवर?"

"दोन वर्सांमागपर्यंत पायाच्या. आता मोटर हाय. पोरानं बसवली."

"आणि साखर कधी निघाली?"

"यंदा."

"म्हणजे पाय आधी रिटायर झाले, मग साखर आली." मग तिनंच सावरलं. "सगळं खापर मोटरवर फोडू नका हं. चहात दोन चमचे साखर मोटर घालत नाही. वयही झालंय. पण पंचेचाळीस वर्षं हे पाय तुम्हाला सांभाळत होते, आणि तुम्हाला वाटलं ते फक्त मशीन चालवतायत."

ईश्वरप्पा म्हणाला, "पाय काय सांभाळतोय, पोरी. साखरेचं काम पोटातलं."

मग तिनं त्याला समजावलं. स्नायू म्हणजे हाडं ओढायची नुसती दोरी नव्हे. तो काम करायला लागला की रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो, ती जाळतो. हे एक झालं. दुसरं असं की काम करताना तो रक्तात काही पदार्थ सोडतो. गळ्यातल्या, पोटातल्या ग्रंथी हार्मोन सोडतात ना, तसेच. मायोकाइन म्हणतात त्यांना. ते रक्ताबरोबर सगळीकडं जातात. यकृताला कळतं, चरबीला कळतं, इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला कळतं, हाडांना आणि मेंदूलाही कळतं, की खाली काम चाललंय, त्या हिशोबानं वागा. शास्त्रज्ञांना हे कळून पंचवीसेक वर्षं झाली, आणि सगळे निरोप अजून वाचता आलेले नाहीत. पण माणूस बसून राहिला की निरोप थांबतात, एवढं नक्की.

ईश्वरप्पानं पोटरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजे आमच्या कंडक्टरसारखंच की. हिकडचं तिकडं सांगत फिरायचं."

"काकांच्या निरोपात मीठमसाला असतो आप्पा. यांच्यात नसतो."

धर्मपालची पोर, माझ्या मांडीवर बसून शेंगदाणे खाल्लेली. असो.

खरं तर त्याला रोज चालायला सांगायचं. पण डोळ्याची ही गत, आणि आदल्याच आठवड्यात सात रस्ता ओलांडताना रिक्षावाल्यानं त्याला वाचवून वर आईवरून शिवी दिली होती. साक्षी म्हणाली, डोळा होईपर्यंत रस्त्यावर नको. मग तिनं विचारलं, "तो जुना पट्टा टाकून दिला का हो?"

पट्टा खिळ्यालाच होता.

ठरलं असं. गोळ्या चालूच ठेवायच्या. चहा बिनसाखरेचा. आणि सकाळी, दुपारी, दोन्ही जेवणांनंतर लगेच बसून पायाची मशीन चालवायची. टाच आणि चवडा दोन्ही हलले पाहिजेत. आधी दहा मिनिटं, मग वाढवत पाऊण तास. साखर मोजत राहायची. चक्कर आली तर थांबायचं आणि फोन करायचा.

घरी आल्यावर ईश्वरप्पानं खिळ्यावरचा पट्टा हातात घेतला आणि त्याच्या डोक्यात एकच आलं. प्रभुला कळलं तर? पोरानं हौसेनं मोटर आणली, नारळ फोडला. ती काढून ठेवली म्हणजे पोराच्या मायेला लाथ मारल्यासारखं. आणि तुझ्या मोटरनं मला साखर आणली, हे तर तोंडातून निघणंच शक्य नाही. मग दोघा म्हाताऱ्यांनी कट केला. प्रभु सकाळी आठला कारखान्यात गेला की पट्टा चढवायचा, संध्याकाळी पाचला उतरवायचा. वहिनी दुपारी उंबऱ्यात बसून राखण करायच्या.

शिवता येत नव्हतं, कारण दिसतच नव्हतं. नुसतीच मशीन चालवायची होती. टेलर लोकांना हे माहीत असतं, की बाजूच्या चाकाची चकती सैल केली की सुई थांबते आणि नुसतं चाक फिरतं. पहिल्या दिवशी त्यानं तसंच केलं. पण मग मशीन हलकी झाली आणि पायाला काम राहीना. म्हणून त्यानं चकती पुन्हा आवळली. सुई खाली-वर, खाली-वर, आणि खाली काही नाही.

मी एरवी संध्याकाळी जायचो, पंधरवड्यानं एकदा दुपारीच गेलो. वहिनी दळणाला गेल्या होत्या. बघतो तर स्वारी डोळे मिटून मशीन चालवतेय, कपाळाला घाम, आणि सुई रिकामी.

मी म्हणालो, "काय शिवतोयस?"

डोळे न उघडता म्हणाला, "तुझ्या तोंडाला टाका घालतोय. हलू नको."

दोन-तीनदा विचारलं. दाद दिली नाही. पस्तीस वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा या माणसानं माझ्यापासून काही लपवलं होतं. मला सांगितलं म्हणजे प्रभुला कळलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचं चुकलं नव्हतं. पण मला राग आला. मी तिथनं उठलो तो थेट चहाच्या गाड्यावर गेलो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

बातमीनं मजा आली ती पंधरा दिवस. मग दुकानात येणारी माणसं पातळ झाली. वहिनींकडं फॉल-पिकोला येणाऱ्या बायका पलीकडच्या बोळात जायला लागल्या. ईश्वरप्पाच्या कानावर आलं असणारच. मी बाकड्यावर बसायचो. तो पाणी विचारायचा, चहा विचारायचा. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग बातमी अण्णारावपर्यंत पोचली.

अण्णाराव आधी कारखान्यात प्रभुकडं गेला. म्हणाला, तागा तुझ्याकडंच घे बाबा, कारखान्यात शिवून दे. प्रभुला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो अण्णारावला घेऊन तडक घरी आला. दुपारचे पावणेदोन. मी त्यांना कोपऱ्यावर पाहिलं आणि मागोमाग गेलो, आणि खोटं कशाला बोलू, मजा बघायलाच गेलो. वहिनी आत भांडी घासत होत्या. उंबऱ्यात कुणी नाही. मशीन खडखडत होती.

प्रभु दारातच थांबला. बघता बघता त्याची नजर मोटरवर गेली, मग चाकावर.

"आप्पा, पट्टा कुणी चढवला?"

"मीच." पाय थांबले नाहीत.

"मोटर बिघडली व्हय?"

"न्हाय रे. मोटर लई चांगली हाय."

"मग?"

"अजून अकरा मिन्टं हायत. बसा की तवर. सांगतो."

आता ते चित्र बघा. बाकड्यावर आम्ही तिघं ओळीनं, समोर म्हातारा डोळे मिटून मशीन चालवतोय, सुई रिकामी खालीवर होतेय. वहिनी पडद्यातून डोकावल्या, आम्हाला पाहिलं, आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटत आत गेल्या. चिडल्या की त्या कानडीतच चिडतात. अण्णारावनं दोनदा घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं एवढी लांब असतात हे मला एसटीतसुद्धा कधी कळलं नव्हतं.

मग पाय थांबले. ईश्वरप्पानं पंच्यानं तोंड पुसलं आणि सगळं सांगितलं. तीनशे अठरा, दोनशे सत्त्याण्णव, साक्षी, निरोप, सगळं. शेवटी प्रभुकडं न बघता म्हणाला, "तू गुडघ्यासाठी केलंस. गुडघ्याला बरं बी वाटलं. बाकीच्या अंगाला कळेना, पाय कुटं गेले म्हणून."

प्रभु म्हणाला, "मला सांगायचं की."

"नारळ फोडला होतास तू."

"नारळाचं काय. खाल्ला की आपण."

अण्णाराव हसला. म्हणाला, "तुमची ती पोर म्हणती ते खरं असंल. आमचं बी तसंच हाय. काठीचा सराव चालू असला की झोप लागती, अन्न पचतं, डोकं जाग्यावर ऱ्हातं. यात्रा झाली की दोन म्हैन्यात सगळं अंग बोलाय लागतं. मला वाटायचं, देवाची कृपा आटपली." मग तो कामाचं बोलला. "पण ईश्वरप्पा, मला कापड अंगावर घालायचं हाय. भर मिरवणुकीत गळून पडलं तर काय करू? डोळ्याची तारीख कधीची?"

"पुढच्या सोमवारी रक्त. बरं निघालं तर त्याच आठवड्यात."

"मग सोमवारपर्यंत तागा हितंच ऱ्हाऊ दे. न्हाय जमलं तर मंगळवारी नेतो. राग धरायचा न्हाय."

"न्हाय धरत."

अण्णाराव गेला. प्रभु तिथंच उकिडवा बसला आणि त्यानं पायानं चालवायच्या पाटीला कान लावला. "हितनं कुरकुरतंय," म्हणाला, आणि तेलाची कुपी घेऊन दोन्ही बाजूंना चार-चार थेंब सोडले. मोटर त्यानं काढली नाही. नुसती तिची वायर गुंडाळून वर ठेवली.

सोमवारी रक्त द्यायला मी बरोबर गेलो. रिक्षातून उतरताना त्याचा हात धरला, तर म्हणाला, "पकड घट्ट. मी पडलो तर गावाला काय सांगशील, करणीनं पाडला?" त्याला सगळं ठाऊक होतं. मी पकड घट्ट केली. बाहेर बाकावर बसून रिपोर्टची वाट बघताना त्याच्या टाचा खाली-वर, खाली-वर चालल्याच होत्या. माझ्याही चालल्या होत्या, पण माझ्या भीतीनं.

एकशे ब्याऐंशी निघाली. गुरुवारी डोळा झाला.

पट्टी काढल्यावर त्यानं आधी वहिनींकडं पाहिलं, मग प्रभुकडं, मग माझ्याकडं बराच वेळ. "कंडक्टर," म्हणाला, "तू लई म्हातारा झालास की."

तीन आठवडे डॉक्टरांनी मशीनला हात लावू दिला नाही. पायाला बंदी नव्हती, पण साक्षीनं सांगितलं, घाम डोळ्यात जाऊ देऊ नका, म्हणून वहिनी पंचा घेऊन शेजारी बसायच्या. नवीन वर्ष लागल्यावर तागा उघडला. चाळीस काही त्याच्याकडून झाल्या नाहीत. अठरा झाल्या, उरलेल्या त्याच्या मापानं प्रभुनं कारखान्यात करून घेतल्या, आणि बंद मात्र सगळ्यांचे ईश्वरप्पानंच लावले. यात्रेत अण्णाराव काठी घेऊन बोळाच्या तोंडावरून गेला तेव्हा ईश्वरप्पा रस्त्याकडंला उभा होता. काठीकडं बघितलं नाही. अण्णारावच्या काखेतला तिसरा बंद बघत होता. जरा तिरका बसला होता म्हणे. मला काही दिसला नाही.

साखर अजून आहे, गोळ्याही आहेत. ती गेली असं त्याला वाटत नाही आणि साक्षी वाटू देत नाही. पण आता तो सकाळी स्वतः सात रस्ता ओलांडून चालून येतो आणि रिक्षावाल्यांना तोच बोलतो. माझ्यावर त्यानं राग धरला नाही. फक्त संक्रांतीनंतर मला एक सदरा शिवून दिला, त्याचं वरचं बटण गळ्याला आवळेल इतकं वर लावलेलं. मी विचारलं तर म्हणाला, "तोंडापर्यंत न्यायचं होतं, कापड पुरलं न्हाय."

गाड्यावर अजून कुणीतरी विचारतं, त्या बिनदोऱ्याच्या सुईचं काय होतं हो. वळसंगच्या माणसाचं नाव निघतं. मी त्यांना काय सांगतो ते सोडा.

खरं असं आहे की सुईखाली कापड नसताना मशीन चालवली तर दोरा खाली गुंततो आणि मशीन अडकते. ईश्वरप्पा शिवत नव्हता, पाय चालवत होता. म्हणून तो आधी दोरा काढून ठेवायचा.